समुपदेशक निवाडा करत नाही

समुपदेशनाला आलेलं जोडपं बहुधा पहिल्याच बैठकीत विचारतं, "तुम्हीच सांगा, चूक कोणाची?" मंडळी, समुपदेशक हा न्यायाधीश नसतो. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातसुद्धा न्यायाधीश आणि समुपदेशक या दोन वेगळ्या जागा आहेत.

मग तो करतो काय? तर भांडायची रीत बदलायला शिकवतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांचे वाद चित्रित करून वर्षानुवर्षं तपासले. त्यांना दिसलं, की बरेचसे मतभेद कधी मिटतच नाहीत. सुखी जोडप्यांचेही नाहीत. फरक पडतो तो बोलण्याच्या सुरुवातीने. "तुम्हाला घराचं काही पडलेलंच नाही" हा आरोप झाला. "आईंचं औषधपाणी बघून मी थकते, रविवारी तुम्ही बघाल का?" ही विनंती. आरोप ऐकला की माणूस आधी स्वतःचा बचाव करतो. विनंतीला हो किंवा नाही म्हणता येतं.

म्हणून बैठकीत एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकून तेच आपल्या शब्दांत परत सांगायचं. गरज असेल तर सासूबाईंना, मुलांनाही बोलावतात.

मात्र घरात मारहाण होत असेल, तर "जुळवून घ्या" हा सल्ला चालणार नाही. तिथे आधी सुरक्षितता; २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे.