खुनी कानात बोलतो तेव्हा

‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ला यंदा शंभर वर्षं होताहेत आणि ॲगाथा ख्रिस्तीला जाऊन पन्नास. त्यामुळे नव्या आवृत्त्या आणि ‘सर्वोत्तम दहा’च्या याद्या यांचा रतीब सुरू आहे. या गर्दीत एक गोष्ट मात्र कोपऱ्यात पडली. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९३५मध्ये अंधांसाठी ‘टॉकिंग बुक’ ग्रंथालय सुरू झालं, तेव्हा पहिल्यावहिल्या ध्वनिमुद्रित पुस्तकांत एक होतं जोसेफ कॉनरॅडचं ‘टायफून’ आणि दुसरं हे. भाजी निवडताना, लोकलमध्ये लोंबकळताना कानात खून ऐकणारे आपण त्या तबकड्यांचेच वारसदार.

(पुढे खुनी कोण ते सांगणार आहे. शंभर वर्षांत ज्यांना सवड झाली नाही त्यांनी आधी पुस्तक वाचून यावं.)

या तबकड्यांमागे इयन फ्रेझर नावाचे गृहस्थ होते. १९१६मध्ये सोमच्या लढाईत गोळी लागून वयाच्या अठराव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुढे अंध सैनिकांसाठी काम करणाऱ्या सेंट डन्स्टन्स संस्थेचे ते अध्यक्ष झाले. ब्रेल होतीच, पण मोठेपणी डोळे गेलेल्या माणसाची बोटं तिला सहजी सरावत नाहीत. ग्रामोफोनची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि चार-पाच मिनिटांत संपायची. तिच्यावर कादंबरी चढवायची तर घरपोच न्यायला हातगाडी लागली असती. मग वेग २४ फेऱ्यांवर आणला, खाचा जवळजवळ घेतल्या. गाणं नव्हे, बोलणंच ऐकवायचं असल्यामुळे एवढं चालण्यासारखं होतं. एका बाजूला २५ मिनिटं मावू लागली आणि बेताची कादंबरी दहा तबकड्यांत बसली.

आणि बसवली कुठली, तर ॲक्रॉइड! निवड योगायोगाची असो की कुणाच्या खट्याळपणाची, दाद द्यायला हवी. कारण ही कादंबरीच मुळी आवाजाने केलेल्या फसवणुकीची आहे. गोष्ट सांगणारा डॉ. शेपर्ड हाच खुनी. (ही कल्पना सुचवणाऱ्यांत माउंटबॅटनही होते, तेच, आपले शेवटचे व्हाइसरॉय.) रात्री साडेनऊला अभ्यासिकेच्या बंद दाराआडून ॲक्रॉइडचं बोलणं ऐकू येतं, म्हणून सगळे धरून चालतात की तो तेव्हा जिवंत होता. प्रत्यक्षात बोलत असतो डिक्टाफोन. डॉक्टरने तो वेळ लावून ठेवलेला आणि स्वतः नऊला दहा कमी असतानाच बाहेर पडलेला. ध्वनिमुद्रित आवाज जिता माणूस म्हणून खपल्याची ही गोष्ट त्या १९३५च्या श्रोत्यांनी ऐकली तीही यंत्रातूनच.

दुसरी गंमत ॲक्रॉइडच्या घराच्या फाटकापाशी घडते. डॉक्टरला अंधारात एक अनोळखी तरुण भेटतो आणि त्याचा आवाज कुठंतरी ऐकल्यासारखा वाटतो. तो त्या घराची व्यवस्था पाहणाऱ्या मिस रसेलचा मुलगा, हे पुष्कळ नंतर कळतं. छापील पानावर ‘ओळखीचा वाटला’ एवढ्यावर भागतं. अभिवाचकाने काय करायचं? मिस रसेलची किंचित छटा दिली तर चाणाक्ष श्रोता तिथेच पकडणार. नाही दिली तर नंतर तोच म्हणणार, फसवलं.

माझं मत विचाराल तर रहस्यकथा सपाटच वाचावी. सपाट म्हणजे रटाळ नव्हे. प्रत्येक पात्राला सारखाच मान द्यावा, संशयितापाशी रेंगाळू नये. टीव्हीवर गुप्तहेर पॉयरोचा साथीदार कॅप्टन हेस्टिंग्ज झालेल्या ह्यू फ्रेझरने ख्रिस्तीच्या कितीतरी कादंबऱ्या वाचल्या आहेत, हीसुद्धा. त्याच्या वाचनात हे भान दिसतं. आपल्याकडे मात्र श्रुतिकांचं वळण जबर. दार करकरतं, कुत्रं रडतं आणि खुनी खोलीत शिरला रे शिरला की व्हायोलिन कण्हू लागतं. श्रुतिकेत ते शोभतं. कादंबरीत ते चुगली करतं.

ऐकणं हे वाचणं म्हणावं का, हा वाद मला कंटाळवाणा वाटतो. बर्कलीच्या संशोधकांनी २०१९मध्ये नऊ जणांना त्याच गोष्टी ऐकवून आणि वाचायला देऊन मेंदूचे आलेख तपासले. अर्थ लावण्याचं काम दोन्ही वेळा बरंचसं सारखंच चाललेलं आढळलं. ठीक. पण रहस्यकथेच्या वाचकाला अर्थ लागणं पुरत नाही, त्याला पानं उलटी चाळायची असतात. शेपर्डने खुनाची दहा मिनिटं अशा बेतानं सांगितली आहेत की खोटं एक अक्षर नाही आणि हाती काही लागतही नाही. शेवट कळला की वाचक मागे जाऊन ती जागा शोधतो, चरफडतो, हसतो. श्रोत्याने काय करावं? तीस सेकंद मागे जाणारं बटण सहा तास मागच्या वाक्यापर्यंत कसं पोचणार? खानसामा पार्कर उंच पाठीची एक खुर्ची जागची हलल्याचं सांगतो, तेही असंच निसटतं. अन् तीच तर दारातून डिक्टाफोन दिसू नये म्हणून ओढलेली असते! वेग दीडपट ठेवणाऱ्यांना तर खुर्ची होती हेही आठवणार नाही.

मराठीला या बाबतीत सोय आहे. २०१७मध्ये स्टोरीटेल हे बोलत्या पुस्तकांचं ॲप भारतात आलं ते मराठी घेऊनच. बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक यांच्या छोटेखानी रहस्यकथा एका बैठकीत संपवण्यासाठीच लिहिलेल्या. एवढं छोटं पुस्तक दोन-तीन तासांत ऐकून होतं, धागा हातचा सुटत नाही. निर्मात्यांनी तेवढं व्हायोलिन आवरावं. आणि ॲक्रॉइडसारखा घराचा आराखडा पुस्तकात असेल तर तो ॲपमध्ये मुखपृष्ठाशेजारी द्यावा. दार, खिडकी आणि ती खुर्ची कुठे हे निदान डोळस श्रोत्याला बघता येईल. ज्यांच्यासाठी हा सगळा उद्योग सुरू झाला त्यांच्यासाठी तोच आराखडा दोन मिनिटं वाचून दाखवावा.