क्लूनी : सनदेतली एक अट

संत बेनेडिक्टच्या नियमावलीप्रमाणे मठाधिपती मठातल्या भिक्षूंनी निवडायचा, हे आपण मागच्या वेळी पाहिलं. प्रत्यक्षात काय व्हायचं? जमीन ज्या सरदाराची, मठही त्याचाच. तो आपला माणूस गादीवर बसवायचा आणि उत्पन्न घरात ठेवायचा.

इ. स. ९१०च्या सुमारास अक्विटेनचा ड्यूक विल्यम याने बर्गंडीतलं क्लूनी मठासाठी दिलं. सनदेत त्याने स्पष्ट लिहिलं, की मी, माझे नातलग किंवा राजा, कोणीही इथे हक्क सांगायचा नाही. पहिला मठाधिपती बर्नो. त्याच्यानंतर भिक्षूंनी निवड करायची. संरक्षण पोपचं, आणि पोप तर लांब रोमला!

या मोकळिकीमुळे क्लूनीला स्थैर्य मिळालं. ९९४ ते ११०९ या ११५ वर्षांत मठाधिपती दोनच, ओदिलो आणि ह्यू. शेकडो मठ क्लूनीच्या छत्राखाली आले. १०८८ साली सुरू झालेलं चर्च पूर्ण झालं तेव्हा सुमारे १८७ मीटर लांब होतं.

पण गंमत बघा. या शाखा-मठांचे प्रमुख बहुतेक वेळा क्लूनीचा मठाधिपतीच नेमायचा. स्वतःला मिळालेली मोकळीक क्लूनीने इतरांना दिली नाही. पुढे सोळाव्या शतकात फ्रान्सच्या राजांनी तीही काढून घेतली. रिशल्यू, माझारँ असे सत्ताधारी कार्डिनल मठाधिपती झाले, उत्पन्न त्यांच्याकडे जाऊ लागलं.

राज्यक्रांतीनंतर इमारत विकली गेली, दगडांसाठी पाडली गेली. चर्चचा जेमतेम दहावा हिस्सा आज उभा आहे. सनदेतली अट मात्र त्याच्या कितीतरी आधी मोडली होती, हे आपण लक्षात ठेवू.