कुपीवरचे नाव आणि कुपीतला सीसीआर-५

सीसीआर-५ हा मानवी पांढऱ्या पेशींवरचा रिसेप्टर. ३५२ अमिनो आम्लांची त्याची साखळी पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जाते. सूज असेल तिथून सुटणारे केमोकाइन हे संदेशरेणू त्याच्यामार्फत पेशींना वाट दाखवतात. त्याचे नाव गाजले ते १९९६ मध्ये, एचआयव्ही याच रिसेप्टरला धरून पेशीत शिरतो हे अनेक गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवले तेव्हा. या जनुकाच्या दोन्ही प्रतींतून ३२ अक्षरे गळालेली माणसे या विषाणूला सहसा दाद देत नाहीत, हेही त्याच वर्षी कळले. भारतात अशी माणसे अतिशय विरळ. शिवाय आपल्या साथीतला एचआयव्हीचा सी उपप्रकार प्रामुख्याने सीसीआर-५ वरच भिस्त ठेवतो. त्यामुळे पुण्यात भोसरीला १९९२ पासून एड्सवर संशोधन होत असताना हे प्रथिन आपल्याला परके मानता येणार नाही.

प्रयोगशाळेसाठी ते विकत मिळते. मानवी जनुक ई. कोलाय जिवाणूत, गव्हाच्या अंकुराच्या अर्कात, कीटकांच्या किंवा मानवी पेशींत घालून ते बनवतात. कुपीवरचे नाव सगळीकडे तेच असते, पण आतला पदार्थ तोच असतो असे मानणे धोक्याचे आहे. सीसीआर-५ ची घडण मेदाच्या पटलात राहण्यासाठी झालेली आहे. तिथून काढल्यावर योग्य डिटर्जंटचा किंवा कृत्रिम मेदाचा आधार मिळाला नाही, तर त्याची घडी मोडते आणि रेणूंचे गठ्ठे होतात. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. साखळीच्या सुरुवातीच्या टायरोसिनांवर सल्फेट जोडलेले असतात आणि विषाणूच्या प्रवेशाला त्यांची मदत होते, हे मायकेल फरझान व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले. ही जोडणी पेशीतल्या गॉल्जी पिंडात होते. जिवाणूत गॉल्जी पिंड नसतो. म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम अचूक असूनही, विषाणू ज्या टोकाला धरतो तेच टोक अपुरे राहते.

यावर कोणी म्हणेल, वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन ओळखण्याच्या चाचणीला एवढे कशाला? ते खरेच आहे. ब्लॉटमध्ये प्रथिन मुद्दाम उलगडलेलेच असते, तिथे जिवाणूत बनवलेला स्वस्त तुकडाही पुरतो. हरकत आहे ती त्याच कुपीवर औषधाची पकड मोजण्याला. घडी मोडलेल्या रिसेप्टरवर औषध चिकटले नाही, तर दोष औषधाचा की प्रथिनाचा, हे त्या प्रयोगातून ठरत नाही, आणि एखादा चांगला रेणू विनाकारण बाद होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शांघायमध्ये बेइली वू यांच्या गटाने २०१३ मध्ये सीसीआर-५ ची त्रिमितीय रचना उलगडली ती मूळ प्रथिनाची नव्हतीच. त्यांनी चार अमिनो आम्ले बदलली होती, शेपूट छाटली होती, आतल्या एका वळणात रुब्रेडॉक्सिन हे दुसरे प्रथिन घातले होते. मग शुद्धतेचा आग्रह कशासाठी? माझा आग्रह शुद्धतेचा नाही, उघडपणाचा आहे. त्या गटाने प्रत्येक बदल नोंदवला, आणि मॅराव्हिरोक हे औषध आपल्या खोबणीत बसलेले २.७ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याने दिसले. पुढे २०१९ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने, काहीही न बदललेला मानवी सीसीआर-५ विषाणूच्या जीपी१२० या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला धरलेल्या अवस्थेत दाखवला.

म्हणून मागणी नोंदवण्याआधी विक्रेत्याला विचारा: प्रथिन कोणत्या पेशीत बनवले, पूर्ण आहे की तुकडा, कोणत्या डिटर्जंटमध्ये ठेवले आहे, आणि कोणता केमोकाइन किंवा औषध त्याला धरते हे मोजले आहे का. ही उत्तरे शोधनिबंधातही छापा. ज्या कुपीबद्दल ती मिळत नाहीत, ती ब्लॉटपुरतीच वापरावी.