उंदराच्या पोटातले जंत आणि घरातली कणगी

उंदीर किती दाणे खातो याचा हिशेब आपण नेहमी मांडतो. पण त्याच्या आतड्यात जंत असतात, आणि ते कोणते व किती हे ऋतूवर आणि राहत्या जागेवर ठरते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या रानातले उंदीर पकडून चार्ल्स एल्टन व सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. तो १९३१ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या हिंगोली जिल्ह्याचेच पाहा. काही जंतांची अंडी लेंडीतून मातीत पडतात. त्यांना ओल आणि सावली हवी. पावसाळ्यात दाट सोयाबीनखाली दोन्ही मिळते. मे महिन्यात काळ्या रानाला भेगा पडल्या, की उघड्यावरच्या बहुतेक अळ्या उन्हाने मरतात. कालव्याच्या ओलिताखालील बांधावर मात्र उन्हाळ्यातही ओल टिकते. म्हणून कोरडवाहू माळावरचा उंदीर आणि हळदीच्या मळ्यातला उंदीर सारखा समजू नये.

पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा जंत, याची तऱ्हा वेगळी. त्याची अंडी धान्यातले बारीक तांबडे भुंगे खातात. भुंग्याच्या अंगात अळी तयार होते. तो भुंगा उंदराने खाल्ला, की आतड्यात जंत वाढतो. या फेऱ्याला पाऊस लागत नाही, किडके धान्य लागते.

सोयाबीन निघाले, तूर खळ्यावर आली, की रान मोकळे होते आणि उंदीर गंजीकडे, घराकडे सरकतात. कणगीत उंदीर व भुंगा एकत्र आले, की फेरा पुरा झाला! असा भुंगा कच्च्या दाण्याबरोबर किंवा पिठाबरोबर लहान मुलाच्या पोटात गेला, तर तोच जंत मुलालाही होऊ शकतो. असे क्वचित घडते, पण टाळणे आपल्याच हाती आहे.

धान्य कडक उन्हात वाळवून पत्र्याच्या कोठीत, घट्ट झाकणाखाली ठेवा. पीठ चाळून घ्या. मुलांना कच्चे पीठ वा किडके दाणे खाऊ देऊ नका. लेंड्या झाडून धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि हात साबणाने धुवा.

शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी मुलांना जरूर द्या. मात्र पट्टकृमीला बहुधा वेगळे औषध लागते. मुलाचे पोट वरचेवर दुखत असेल, अंग धरत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून शौचाची तपासणी करून घ्या.