नियोजनाची पदवी, जिल्ह्याच्या कामाची

'नगर नियोजन' म्हटले की पुण्या-मुंबईचे उड्डाणपूल डोळ्यांपुढे येतात. पण या पदव्युत्तर अभ्यासाची खरी गरज अहिल्यानगरसारख्या जिल्ह्याला आहे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा हा जिल्हा. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या 45 लाखांवर आणि पाचांपैकी चार जण ग्रामीण. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला घाटमाथ्याचा धो धो पाऊस, तर पाथर्डीकडे टँकरची वाट पाहणे. शिर्डीला भाविकांची रीघ, सुप्याला एमआयडीसी. या सगळ्यांसाठी पाणी, जमीन आणि रस्ते यांचा एकत्र हिशेब मांडणे म्हणजेच प्रादेशिक नियोजन.

सिव्हिल इंजिनिअर असताना वेगळी पदवी कशाला, असे विचारले जाते. इंजिनिअर पाइपलाइन उत्तम टाकेल. पण ती आधी कोणत्या वस्तीकडे न्यावी, ओढ्यालगतचा गट यलो झोनमध्ये, म्हणजे रहिवासी पट्ट्यात, घ्यावा का, हे ठरवायला लोकसंख्येचे अंदाज, जमिनीचे अर्थकारण आणि 1966चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा पक्का ठाऊक हवा. दोन वर्षांच्या अभ्यासात नेमके हेच शिकवतात. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने अशा पदवीवाचून पाण्याचा ताळेबंद मांडून दाखवला, हे मोलाचेच. मात्र एक गाव ग्रामसभेत बसवता येते, 14 तालुके नाहीत. नोकऱ्यांची अडचण खरी आहे. सरकारी पदे मोजकी असतात. तरीही विकास आराखडा जाहीर झाल्यावर आपल्या गटावर कसले आरक्षण पडले आणि हरकत कशी घ्यायची, हे नकाशा वाचून शेतकऱ्याला सांगणारा माणूस तालुक्याच्या गावी क्वचितच भेटतो.