आत जायची वाट मोठी

आयर्लंडमधल्या मीथ परगण्यात एम-३ महामार्गाचं काम निघालं तेव्हा, म्हणजे या शतकाच्या पहिल्याच दशकात, आखणीत येणारी एक दलदल पुरातत्त्ववाल्यांनी आधी खणून पाहिली. जागेचं नाव क्लोवन्सटाउन. कधीकाळी तिथे लहानसं तळं होतं. त्याच्या गाळातून डहाळ्या गुंफून केलेल्या निमुळत्या टोपल्या निघाल्या, मासे धरायच्या. वय सुमारे ७००० वर्षं. गाळाखाली हवा पोचली नाही म्हणून त्या वाचल्या, एरवी विणकामाच्या नशिबी कुजणंच असतं. संग्रहालयांत दगडी हत्यारांची दालनंच्या दालनं भरलेली असतात ती दगड टिकला म्हणून. ते दगड वापरणारी माणसं त्याहून जास्त वेळ वेली, साली आणि काड्या वळण्यात घालवत असणार, असं मला फार दिवसांपासून वाटतं.

इजिप्तमध्ये सक्कारा इथे ‘ती’ नावाच्या अधिकाऱ्याची समाधी आहे, सुमारे ४४०० वर्षांपूर्वीची. तिच्या भिंतींवरच्या कोरीवकामात मासे धरायच्या विणलेल्या टोपल्या दिसतात. कोकणातल्या ओढ्याकाठच्या माणसाला ते चित्र दाखवलं तर काय चाललंय हे त्याला विचारावं लागणार नाही.

या सापळ्याचं सगळं मर्म त्याच्या तोंडात आहे. बाहेर लांबट पिंजरा आणि तोंडाशी बसवलेलं नरसाळं, बाहेरून रुंद, आत अरुंद. पाभरीच्या चाड्यातून दाणा घसरावा तसा मासा आत येतो. परत का जात नाही? अडलेला मासा भिंतीच्या कडेकडेने फिरतो, कोपऱ्यात तोंड खुपसतो. भोक मात्र मधोमध, भिंतीपासून सुटं असतं, त्यामुळे तो त्याच्या बाजूनेच फेऱ्या मारत राहतो. शिवाय नरसाळ्याच्या आतल्या काड्यांची टोकं न विणता मोकळी सोडलेली असतात. आत शिरताना ती फाकतात, बाहेर निघू पाहणाऱ्याच्या थोबाडावर टोचतात. वाहत्या पाण्यात आमिषही लागत नाही आणि राखणदारही.

आपल्याकडे हे काम बांबूचं. कोवळा बांबू चालत नाही. तिसऱ्या वर्षाचा, पावसाळा सरल्यावर तोडलेला हवा. बांबूतलं पिष्ट खायला भुंगेरे येतात आणि काही दिवसांतच टोपलीखाली पिवळट भुकटी पडू लागते. म्हणून तोडलेले बांबू पाण्यात बुडवून ठेवायचे, पिष्ट निघून जातं. अमावास्येला तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही असंही कारागीर सांगतात. त्यावर भरवसा ज्याचा त्याने ठेवावा, भिजवण्याचा गुण मात्र नक्की येतो.

खरं कसब फोडण्यात आहे. कोयता बसवून ठोकला की पहिल्या एक-दोन पेरांत चीर सरळ जाते, मग एका अंगाला सरकू लागते. नवखा माणूस कोयता जोराने दाबतो, आणि एक पट्टी बारीक होत होत सुटून येते. जाणता थांबतो, जाड बाजू हातात धरून तीच वाकवतो. चीर जाडीकडे वळते आणि पुन्हा मधोमध येते. एवढं हाताला कळलं की निम्मं बुरूडकाम आलं. मग पाठ आणि पोट वेगळं करायचं. हिरवी पाठ चिवट, पाण्याला लवकर दाद न देणारी. आतलं पांढरं पोट आधी कुजतं, त्याची जागा चुलीत. काड्या तासून झाल्या की त्यांवरून हात फिरवून पाहायचा, कारण राहिलेलं कुसळ विणताना बोट फाडतं.

वीणही टोपलीची नाही. सुपात, टोपलीत पट्टी एकाआड एक घालून घट्ट ठोकतात. इथे तर पाणी आरपार गेलं पाहिजे. उभ्या काड्या ओळीने मांडून दोन बारीक पदर एकमेकांवर पीळ देत आडवे नेतात. प्रत्येक काडी एकेका पिळात अडकते आणि दोन काड्यांमधली फट त्या पिळावर ठरते. अशी चटई तयार झाली की तिचं नळकांडं करायचं, आतून बांबूची कडी द्यायची आणि शेपटाकडचं टोक सुतळीने आवळायचं. मासे काढायला तेच सोडायचं. खिळा कुठेच नाही. फट बोटभर ठेवली तर बोटाएवढं पिल्लू आरामात निसटतं, काडीएवढी ठेवली तर काहीच निसटत नाही.

पण पिंजरा झाला म्हणजे मासे आले असं नाही. पहिल्या दमदार पावसात नदीचे मासे ओढ्यांतून भातखाचरांकडे चढतात, अंडी घालायला. रायगड-ठाण्याकडे ही वलगण, तळकोकणात चढणीचे मासे. मासा पाण्याच्या उलट चढतो, म्हणून सापळ्याचं तोंड खालच्या अंगाला. दगडमातीचा तिरका बांध घालून ओढ्याचं पाणी एका खिंडीत आणायचं आणि खिंडीत पिंजरा बसवून वर दगड ठेवायचा. भाद्रपदानंतर पाणी उतरू लागलं की सगळं फिरतं. खाचरांत वाढलेले मासे खाली परततात, आणि तोंड वरच्या अंगाला करावं लागतं. मरळ मिळण्यासारखी असेल तर पिंजऱ्याचा थोडा भाग पाण्याबाहेर ठेवावा. ती वर येऊन हवा घेते, पिंजरा पुरता बुडाला तर सकाळी मेलेली मरळ हाती लागते.

पाणी ओळखण्याची ही विद्या ऑस्ट्रेलियात ज्या थराला गेली त्याला तोड नाही. व्हिक्टोरिया राज्यातल्या बज बिम ज्वालामुखीच्या लाव्ह्यात गुंडिजमारा लोकांनी चर खोदले, दगडी भिंती घातल्या, तळी बांधली आणि वाम मासे तिथे वळवून राखून ठेवले. त्यातल्या कामांचं वय ६६०० वर्षांपर्यंत मागे जातं. भिंतीतल्या फटीला गवताच्या पात्यांची लांबुळकी विणलेली टोपली लावायची, आणि तिच्या अरुंद शेपटातून बाहेर येणारी वाम माणूस हाताने पकडायचा. म्हणजे टोपली छोटी, यंत्र म्हणजे सगळा डोंगरउतार! २०१९ मध्ये युनेस्कोने हे ठिकाण जागतिक वारसा म्हणून नोंदवलं. ऑस्ट्रेलियातली केवळ आदिवासी सांस्कृतिक मूल्यांसाठी झालेली ती पहिली नोंद. आदिवासी म्हणजे नुसते भटके शिकारी, हे तिथल्या गोऱ्यांनी दीडशे वर्षं सांगितलेलं गणित या भिंतींपाशी चुकतं.

पाणी फार ओढीचं असेल तर नरसाळ्याचीही गरज उरत नाही. काँगोत किसांगानीजवळच्या बोयोमा धबधब्यांवर वाजेनिया कोळी लाकडांचे तिवे रोवतात आणि त्यांना माणसाहून मोठ्या शंकूसारख्या टोपल्या लटकवतात. आत गेलेल्या माशाला तो लोंढाच वळू देत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये सेव्हर्न नदीच्या खाडीत सॅमनसाठी रांगेने लावलेल्या निमुळत्या टोपल्यांचं तत्त्व जवळपास हेच, मासा रुततो आणि त्याला मागे फिरता येत नाही. आसामातली पोलो आणि केरळातली ओट्टाल ही मात्र वेगळी जात. बुडाशी उघडी टोपली उथळ पाण्यात माशावर दाबायची आणि वरच्या भोकातून हात घालायचा. भोगाली बिहूला अख्खं गाव पोलो घेऊन तळ्यात उतरतं. तिथे मासा किती मिळाला हा प्रश्न दुय्यम असावा.

आपल्या कारागिराची अडचण कलेची कमी, मालाची जास्त होती. बांबू हे गवत, पण १९२७ च्या वन कायद्याने त्याला झाडांत धरलं. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये बांबूला गौण वनोपज म्हटलं, तरी वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने तो अधिकार २०११ मध्ये झगडून मिळवला. वनाबाहेर वाढलेल्या बांबूला झाडांच्या व्याख्येतून वगळायला २०१७ उजाडलं. नव्वद वर्षांत किती बुरुडांनी दुसरा धंदा धरला असेल!

तोवर ओढ्यात दुसरंच काही आलं होतं. बांगलादेशात ‘चायना दुआरी’ नावाच्या घडीच्या जाळ्याने धुमाकूळ घातला आहे. लोखंडी कड्या, त्यावर बारीक जाळी, आणि आत तेच नरसाळं. युक्ती जुनीच, पण फट संपली. बांबूचा पिंजरा पुरात वाहून गेला तर थोड्या काळात कुजून मोकळा होतो, नायलॉन वर्षानुवर्षं मालकाविना मासे मारत राहतं.

म्हणून बांबूचं ते सगळं सोज्ज्वळ, असं मी म्हणणार नाही. वलगणीत खिंड अडवून बसलेला हातविणीचा पिंजराही अंड्यांनी भरलेली मादीच धरतो. इंग्रजांच्या १८९७ च्या मत्स्य कायद्याने रोवलेल्या किंवा एका जागी स्थिर केलेल्या जाळ्याला, पिंजऱ्याला, सापळ्याला ‘फिक्स्ड इंजिन’ असं भारदस्त नाव दिलं आणि त्यांवर नियम करायची मुभा सरकारांना दिली. पण आडरानातल्या ओढ्यावर रात्री नियम दाखवायला कोण जाणार? चढणीला खिंड मोकळी सोडून उतरणीला सापळा लावला तरी ताटात मासा येतोच. तीन-चार महिने थांबावं लागतं आणि पहिल्या पावसातल्या गाबोळीवर पाणी सोडावं लागतं. कोकणी माणसाला यातलं दुसरं जास्त जड जाईल.