स्वाक्षरीमागील संवाद

धनादेशावर स्वाक्षरी करणे ही क्षणभराची कृती. परंतु तिच्यामागे मेंदूतील असंख्य चेतापेशींचा संवाद असतो. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. बहुतेक ठिकाणी त्या एकमेकींना प्रत्यक्ष स्पर्श करीत नाहीत. मध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. तंतूतून आलेला विद्युत-संदेश या फटीपाशी थांबतो. तंतूच्या टोकात कॅल्शियम शिरते, तेथील सूक्ष्म पिशव्या उघडतात आणि त्यांतील रसायन फट ओलांडून पलीकडच्या पेशीला चेतवते किंवा शांत करते. हा व्यवहार सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागात घडतो.

डोपामाइन हे असेच एक रसायन. ते निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होत गेल्या की कंपवात जडतो. हात थरथरू लागतो, अक्षर बारीक होत जाते आणि वर्षानुवर्षांची स्वाक्षरी बँकेतील नमुन्याशी जुळेनाशी होते. दिल्लीनजीक मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात मेंदूचे कार्य व त्याचे विकार यांवर संशोधन चालते. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी १६ डिसेंबर २००३ रोजी हे केंद्र राष्ट्राला अर्पण केले.

न जुळणारी स्वाक्षरी म्हणजे लबाडीच, असे नव्हे. आजारामुळे स्वाक्षरी करणे अशक्य झालेल्या ग्राहकाला अंगठ्याचा ठसा देऊन पैसे काढता येतात. त्यासाठी बँकेस परिचित असे दोन साक्षीदार लागतात. त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. पेशींमधला संवाद मंदावला, तरी ग्राहक आणि बँक यांच्यातील संवाद खंडित होऊ नये, हाच या तरतुदीचा आशय होय.